विश्लेषण : घरातील ‘होया’वर कीड का पडते? एकदा औषध मारूनही ती परत का येते?

मेणात घडवल्यासारखी चांदणीच्या आकाराची फुले, जाड पाने आणि कमी पाण्यात तग धरण्याची क्षमता यांमुळे ‘होया’ ही वेल शहरातील गॅलऱ्यांत आणि खिडक्यांत स्थिरावली आहे. देखभाल कमी आणि आयुष्य मोठे अशी तिची ख्याती. पण एखाद्या दिवशी पानाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसतो, पान हाताला चिकट लागते, कुंडीभोवती मुंग्यांची रांग लागते. मग घरात हाताशी असेल ते औषध मारले जाते. आठवडाभर बरे वाटते आणि कीड पुन्हा हजर होते. असे का घडते, कोणती कीड कशी ओळखावी आणि घरातल्या माणसांना, पाळीव प्राण्यांना धोका न होता तिचा बंदोबस्त कसा करावा, याविषयी…

होया ही वेल नेमकी कोणती?

होया ही रुई, कण्हेर आणि सदाफुली यांच्या कुळातील वेल. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८१० मध्ये या प्रजातीला नाव दिले ते टॉमस हॉय यांच्या सन्मानार्थ. हॉय हे नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या लंडनजवळील सायन हाऊस येथील बागेचे प्रमुख माळी होते. आज होयाच्या पाचशेहून अधिक जाती ज्ञात असून आग्नेय आशिया हे त्यांचे मुख्य घर आहे. भारतात ईशान्येकडील राज्यांत आणि पश्चिम घाटात त्या आढळतात. सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या खोडांवर वाढणारी ‘होया वायटी’ ही त्यांपैकीच एक.

बाजारात प्रामुख्याने ‘कार्नोसा’, ‘प्युबिकॅलिक्स’, बदामाच्या आकाराच्या पानांची ‘केरी’ आणि पीळ घातलेल्या दोरासारखी दिसणारी ‘हिंदू रोप’ ही कार्नोसाचीच जात मिळते. ही वेल सावकाश वाढते. लहान रोपाला फुले यायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. शिवाय ज्या छोट्या दांड्यावर एकदा फुलांचा गुच्छ येतो, त्याच दांड्यावर पुढच्या हंगामातही फुले येतात. त्यामुळे कीड लागलेला भाग सरसकट छाटून टाकला, तर पुढच्या काही वर्षांची फुलेच छाटली जातात. अन्य झाडांना चालणारा ‘कापा आणि विसरा’ हा उपाय होयाला महागात पडतो तो यामुळे.

अंगात चीक असूनही कीड का पडते?

होयाचे पान तोडले की पांढरा चीक येतो. हा चीक पाने कुरतडणाऱ्या अळ्यांपासून झाडाचे रक्षण करतो. कुरतडणाऱ्या किडीचे तोंड चिकाने चिकटते, त्यातील द्रव्ये तिला बाधतात. पण होयावर पडणारी बहुतेक कीड कुरतडणारी नसते. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड यांची तोंडे सुईसारखी असतात. ती चिकाच्या नलिका टाळून थेट अन्नरस वाहणाऱ्या नलिकेपर्यंत पोचतात.

या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांसाठी लागणारी द्रव्ये कमी असतात. पुरेसे पोषण मिळवण्यासाठी किडीला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर ती चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकते. यालाच शेतकरी ‘चिकटा’ म्हणतात. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, मुंग्या जमतात. मुंग्या हा गोड स्राव मिळावा म्हणून किडीची राखण करतात, तिच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्या दिसल्या तर मुंग्यांना मारण्याआधी त्या कशासाठी आल्या आहेत, हे पाहायला हवे.

घरातील परिस्थितीही किडीला मानवते. जंगलात पावसाची सर पाने धुऊन काढते, वारा लागतो, ढालकिडे (लेडीबर्ड) आणि परजीवी माश्या किडीवर तुटून पडतात. बंद खोलीत यांपैकी काहीच नसते. नत्रयुक्त खत जास्त झाले की कोवळी, रसदार फूट येते आणि ती रस शोषणाऱ्या किडीला आवडते. ‘हिंदू रोप’सारख्या मुरडलेल्या पानांच्या जातीत तर लपायला असंख्य घड्या असतात.

सर्वांत चिवट शत्रू कोण?

पिठ्या ढेकूण अर्थात मिलीबग. द्राक्ष, पपई आणि सीताफळाच्या बागायतदारांना तो चांगलाच परिचित आहे. मऊ, अंडाकृती, दोन-चार मिलिमीटर लांबीचा हा कीटक पांढऱ्या मेणचट पुडीने झाकलेला असतो. पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो ते बेचके, पानाच्या मागची मधली शीर, फुलांच्या दांड्याचे टोक आणि वेल ज्या तारेला किंवा दोऱ्याला बांधली आहे ती गाठ, या त्याच्या आवडत्या जागा.

त्याचे जीवनचक्र समजले की उपाय का फसतात हेही समजते. अनेक जातींची मादी कापसासारख्या पिशवीत काही शे अंडी घालते. उबदार हवेत साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यांतून पिवळसर, जेमतेम डोळ्यांना दिसणारी पिल्ले बाहेर पडतात आणि रांगत नवी जागा शोधतात. या वेळी त्यांच्या अंगावर मेण फारसे नसते, त्यामुळे साबण किंवा तेल त्यांना सहज मारते. पुढे मेणाचा थर चढला की पाण्यात मिसळलेले औषध अंगावरून ओघळून जाते. अंड्यांच्या पिशवीवर तर फवाऱ्याचा परिणाम जवळपास होतच नाही. महाराष्ट्रातील उन्हाळी तापमानात अंड्यापासून प्रौढ होईपर्यंतचा प्रवास सुमारे महिनाभरात पूर्ण होतो.

रुईवरचा पिवळा मावा घरात कसा येतो?

रस्त्याकडेच्या रुईच्या शेंड्यावर केशरी-पिवळ्या, काळ्या पायांच्या किड्यांची दाटी अनेकांनी पाहिलेली असते. हाच मावा होयावरही येतो. ‘एफिस निरी’ हे त्याचे शास्त्रीय नाव. रुई, कण्हेर आणि होया एकाच कुळातील असल्याने त्याला या तिन्ही वनस्पती सारख्याच. उलट रुई-कण्हेरीतील विषारी द्रव्ये तो आपल्या शरीरात साठवतो आणि पक्षी व अन्य भक्षकांपासून स्वत:चा बचाव करतो. त्याचा भडक रंग ही त्याचीच सूचना.

या माव्यात जवळपास सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय, अंडी न घालता, त्या थेट जिवंत पिल्लांना जन्म देतात. त्यामुळे दोन-चार किड्यांचे आठवड्याभरात शेकडो होऊ शकतात. दाटी झाली की पंख असलेल्या माद्या तयार होतात आणि उडून दुसऱ्या झाडावर जातात. गॅलरीत कण्हेरीची कुंडी असेल, इमारतीच्या आवारात रुई असेल किंवा शनिवारी मारुतीला वाहण्यासाठी रुईची पाने घरी येत असतील, तर होयाच्या नव्या शेंड्याकडे आणि कळ्यांकडे अधूनमधून पाहिलेले बरे. दिलाशाची गोष्ट अशी की पिठ्या ढेकणाच्या तुलनेत मावा घालवणे खूप सोपे. नळाच्या जोरदार धारेखाली शेंडे धरले तरी त्यातील बराचसा वाहून जातो.

कोळी, खवले कीड आणि फुलकिडे कसे ओळखावेत?

लाल कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांचा नातेवाईक आहे. मार्च ते मे या कोरड्या, उष्ण काळात आणि वातानुकूलित खोल्यांत तो वाढतो. पानावर बारीक फिकट ठिपके, निस्तेज करडी झाक आणि प्रादुर्भाव वाढल्यावर नाजूक जाळी ही त्याची खूण. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटकावे. कागदावरचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर तो कोळीच. कडक उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. जाळी न विणणारा ‘चपटा कोळी’ त्याहून लहान आणि जास्त फसवा. तो साध्या डोळ्यांना जवळपास दिसत नाही. पानाच्या मागे तपकिरी, खरबरीत खपली धरते आणि नवी पाने वेडीवाकडी येतात. अशा वेळी किमान दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते.

खवले कीड एका जागी चिकटून बसते. खोडावर किंवा शिरेवर तपकिरी, किंचित फुगीर टिकली दिसते आणि ती झाडाचाच भाग वाटते. नखाने खरवडल्यावर टिकली निघून आली तर कीड समजावी. मऊ खवल्याची कीड चिकटा सोडते, कठीण कवचाची सोडत नाही. फुलकिडे बारीक, लांबट आणि चपळ असतात. ते पानाचा पृष्ठभाग खरवडून रस पितात. त्यामुळे रुपेरी चट्टे आणि त्यांवर विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. कुंडीतून उडणारी बारीक काळी चिलटे मात्र पानांना काही करत नाहीत. माती सतत ओली राहते आहे, एवढेच ती सांगतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात. दोन पाण्यांतील अंतर वाढवले आणि पिवळे चिकट सापळे लावले की त्यांची संख्या घटते.

पानावर दिसणारी प्रत्येक खूण किडीचीच असते का?

नाही आणि इथेच अनेक निरोगी वेलींवर विनाकारण औषधांचा मारा होतो. होयाची फुले भरपूर मध गाळतात. काही जातींत तो तपकिरी असतो. फुलाखालच्या पानांवर हे थेंब पडले की चिकटा असल्याचा भास होतो. फुलांचा गुच्छ नेमका वर असेल आणि अन्य पाने कोरडी असतील, तर ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे.

अनेक जातींच्या पानांवर जन्मत:च चांदीचे शिंतोडे असतात. शौकीन मंडळी त्यासाठी जास्त पैसे मोजतात. फुलकिड्यांचे चट्टे आणि हे शिंतोडे यांत फरक असा की शिंतोड्यांसोबत काळे ठिपके नसतात आणि ते बोटाला खरबरीत लागत नाहीत. खोडावरच्या बारीक गाठी ही बहुधा हवाई मुळे असतात. देठ मोडल्यावर सुकलेला चीक पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, पण त्याला पाय नसतात आणि तो पसरत नाही. कुंडीतील पांढरे हलके खडे हे मिश्रणातील परलाइट असू शकतात. शंका आली तर भिंगातून पाहणे, मोबाइलने जवळून छायाचित्र काढून ते मोठे करून पाहणे आणि दोन दिवसांनी तीच जागा पुन्हा तपासणे, हा फवारणीआधीचा पहिला उपाय.

कीड सापडली, पहिल्या दिवशी काय करावे?

प्रथम कुंडी इतर झाडांपासून दूर न्यावी. पाने एकमेकांना टेकणार नाहीत एवढे अंतर किमान हवे. वेगळी खोली असेल तर उत्तम. शेजारच्या सर्व कुंड्या त्याच दिवशी तपासाव्यात. त्यानंतर वेल न्हाणीघरात नेऊन, माती वाहून जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड पिशवीने बांधून, पानांच्या दोन्ही बाजू धारेखाली धुवाव्यात. मावा आणि कोळी यांची संख्या एवढ्यानेच बरीच घटते.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड हातानेच काढावी लागते. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कान साफ करायची कापसाची काडी बुडवून प्रत्येक पुंजक्याला लावावी. अल्कोहोल मेणाचा थर विरघळवते आणि कीड जागीच तपकिरी पडून मरते. खवल्यांसाठी जुना मऊ टूथब्रश उपयोगी पडतो. हात धुण्याचे जेलसारखे सॅनिटायझर वापरू नये, त्यातील इतर घटक पानावर थर करून राहतात. अल्कोहोल पटकन पेट घेते. त्यामुळे हे काम गॅसची शेगडी, देवघरातील समई किंवा उदबत्ती यांपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून करावे. वेल बांधलेले दोरे काढून टाकून द्यावेत. तार किंवा काठी धुऊन पुसून मगच परत लावावी. फुलांचे जुने दांडे न कापता त्यांची टोके काडीने नीट पुसावीत.

एकदा फवारून का भागत नाही?

पहिल्या दिवशी दिसणारी सगळी कीड मेली, तरी अंडी आणि घडीत लपलेली पिल्ले शिल्लक असतात. आठवड्याने ती बाहेर येतात. या वेळी झाड स्वच्छ दिसत असल्याने उपाय थांबवला जातो आणि तिथेच डाव फसतो. महिन्याभरात नवी मादी अंडी घालते आणि ‘औषध लागूच पडत नाही’ असा समज होऊन आणखी जहाल औषध आणले जाते. औषध बहुतेक वेळा लागू पडलेले असते. फक्त ज्या अवस्थेवर त्याचा परिणाम होतो, ती अवस्था त्या दिवशी झाडावर नसते.

म्हणून घरातील कीड नियंत्रणात औषधाच्या नावापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे. पिठ्या ढेकणासाठी पहिला दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा दिवस, असे किमान पाच वेळा काम करावे लागते. प्रत्येक वेळी आधी तपासणी, मग काडीने सफाई आणि शेवटी फवारा. कोळ्याची पिढी लवकर तयार होत असल्याने उन्हाळ्यात हे अंतर तीन-चार दिवसांवर आणावे. लागोपाठ तीन तपासण्यांत एकही जिवंत कीड सापडली नाही, तरच वेल पुन्हा इतर झाडांत ठेवावी. तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या तर विसर पडत नाही.

साबण आणि कडुनिंबाचे तेल किती प्रमाणात वापरावे?

बागकामासाठी मिळणारा पोटॅशियमयुक्त साबण मऊ शरीराच्या किडीचे बाह्य आवरण भेदतो. तो ओला असेपर्यंतच काम करतो आणि ज्या किडीला थेट लागतो तिलाच मारतो. म्हणून पानाची मागची बाजू आणि बेचकी चिंब भिजणे आवश्यक. तयार साबण लेबलवरील प्रमाणात घ्यावा. तो नसेल तर रंग-सुगंध नसलेला सौम्य द्रवरूप साबण लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर पुरे. कपडे किंवा भांडी धुण्याचे तीव्र डिटर्जंट पानावरील नैसर्गिक मेणाचा थर काढून टाकतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि परिणाम घटतो; अशा वेळी गाळलेले मऊ पाणी वापरावे.

कडुनिंबाचे तेल लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर घ्यावे. त्याआधी त्यात एक-दोन मिलिलिटर साबण घोटून घ्यावा, नाहीतर तेल पाण्यावर तरंगत राहते. शेतकऱ्यांना माहीत असलेल्या निंबोळी अर्कातील ‘अझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य किडीची भूक मारते आणि तिला कात टाकू देत नाही. त्याचा परिणाम सावकाश होतो, दुसऱ्या दिवशी कीड पडलेली दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. मिश्रण केल्या दिवशीच संपवावे. ऊन लागत असताना तेलाचा फवारा दिल्यास पान भाजते. संध्याकाळची वेळ उत्तम. पातळ किंवा लव असलेल्या पानांच्या जाती जास्त नाजूक असतात. कोणताही फवारा आधी एका पानावर देऊन दोन दिवस वाट पाहावी. कोळ्यासाठी बागायतदार पाण्यात विरघळणारे गंधक वापरतात, पण कडक उन्हाळ्यात आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ते वापरल्यास पाने करपतात.

कीड पानांवर दिसत नाही, तरी वेल सुकते आहे?

अशा वेळी वेल कुंडीतून काढून मुळे पाहावीत. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरा भुकटीसारखा थर आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे किडे दिसले, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. तो जमिनीखाली राहतो, पाण्याच्या निचऱ्याच्या छिद्रातून आणि सामायिक बशीतून शेजारच्या कुंडीत जातो. पाणी व्यवस्थित देऊनही पाने सुरकुततात, नवी फूट येत नाही, एवढीच खूण वर दिसते.

जुनी माती पूर्ण काढून पिशवीत बंद करून कचऱ्यात टाकावी. दुसऱ्या कुंडीत किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नये. मुळे कोमट पाण्यात धुऊन साबणाच्या सौम्य द्रावणात बुडवून काढावीत, कुजलेली मुळे छाटावीत. कुंडी गरम पाणी आणि साबणाने घासून घ्यावी किंवा नवीनच घ्यावी. नारळाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट आणि परलाइट यांचे हवेशीर मिश्रण होयाला मानवते. दोन-तीन आठवड्यांनी मुळे पुन्हा पाहावीत.

शेतीची किंवा झुरळांची औषधे घरात का नकोत?

झुरळ-डासांच्या फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात. त्यातील द्रावकाने पाने भाजतात. या गटातील पर्मेथ्रिन मांजरांसाठी घातक ठरू शकते आणि मत्स्यटाकीतील मासे अल्प मात्रेनेही मरतात. होया स्वत: मांजर-कुत्र्यांना विषारी मानली जात नाही. धोका येतो तो तिच्यावर मारलेल्या औषधातून.

शेतीच्या औषधांच्या डब्यावर चौकोनी चिन्हात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे नव्हे. कोणते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी वापरायचे हेही लेबलवर छापलेले असते आणि ती शिफारस मोकळ्या शेतासाठी असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मोकळ्या रानात हे घडू शकते, तर सुटी बाटली आणून बंद खोलीत, चमच्याने अंदाजे मोजून फवारणे किती जोखमीचे, हे वेगळे सांगायला नको. डायक्लोरव्हॉससारख्या औषधावर तर देशात डिसेंबर २०२० अखेरपासून बंदी आहे. तरी जुन्या बाटल्या घराच्या माळ्यावर सापडतात. त्या वापरू नयेत.

मुळांवाटे झाडात भिनणाऱ्या इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांचा मोह होतो, पण कोळ्यावर त्यांचा उपयोग नाही. उलट त्यांच्या वापरानंतर कोळी वाढल्याची उदाहरणे आहेत. ते फुलांतील मधातही उतरते आणि गॅलरीत येणाऱ्या मधमाश्यांना अपाय करते. युरोपीय संघाने याच कारणाने २०१८ मध्ये मोकळ्या शेतातील त्याच्या वापरावर बंदी घातली. ‘घरगुती’ म्हणून सुचवले जाणारे तंबाखूचे पाणीही टाळावे. त्यातील निकोटीन माणसालाही विषारी असते.

मित्रकीटक घरात उपयोगी पडतात का?

शेतात त्यांची कामगिरी मोठी आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर परिसरात प्रथम आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. औषधे पुरी पडेनात. २०१० मध्ये पोर्टो रिको येथून ‘ॲसेरोफॅगस पपायी’ ही परजीवी माशी आणून सोडण्यात आली आणि अल्पावधीत प्रादुर्भाव आटोक्यात आला. ‘क्रिप्टोलिमस’ हा ऑस्ट्रेलियन ढालकिडा तर १८९८ मध्येच भारतात आला. द्राक्षबागांत आजही तो पिठ्या ढेकणासाठी सोडला जातो. त्याच्या अळ्या पांढऱ्या मेणाने झाकलेल्या असल्याने हुबेहूब भक्ष्यासारख्या दिसतात. गॅलरीत असा मोठा, झपझप चालणारा ‘पिठ्या ढेकूण’ दिसला, तर मारण्याआधी नीट पाहावे.

बंद घरातील दोन-चार कुंड्यांत मात्र हे कीटक टिकत नाहीत. भक्ष्य संपले की खिडकीकडे उडून जातात. कृषी सेवा केंद्रांत मिळणारी ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ ही जैविक बुरशी रस शोषणाऱ्या किडीवर उपयुक्त आहे, पण तिला हवेत भरपूर ओलावा लागतो. पावसाळ्यात गॅलरीतील वेलीवर तिचा उपयोग होऊ शकतो. उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत नाही. मित्रकीटक बाहेरून कुंडीपर्यंत यावेत यासाठी मुंग्यांना रोखणे एवढे तरी घरी करता येते. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. फक्त डास होऊ नयेत म्हणून ताटलीतील पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे.

कीड पुन्हा येऊ नये म्हणून काय करता येईल?

बहुतेक कीड विकत आणलेल्या रोपासोबत घरात शिरते. उरुळी कांचन परिसरातील किंवा आंध्र प्रदेशातील कडियम येथील रोपवाटिकांतून निघालेले रोप विक्रेत्याकडे आणि तिथून कुरियरने घरी पोचेपर्यंत अनेक झाडांच्या सहवासात आलेले असते. नवे रोप तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे. त्या काळात किडीची एक पिढी डोळ्यांसमोर येते. फेब्रुवारीत भेट म्हणून मिळणारे बदामी पानाचे छोटे कुंडेही याला अपवाद नाही. कात्री प्रत्येक झाडानंतर अल्कोहोलने पुसावी.

आठवड्यातून एकदा, पाणी देताना, पाने उलटून पाहण्याची सवय हा सर्वांत स्वस्त उपाय. महिन्यातून एकदा पाने धुवावीत. खताचे प्रमाण कमी ठेवावे, पाने एकमेकांत गुंतू देऊ नयेत आणि सकाळचे कोवळे ऊन व वारा मिळेल अशी जागा द्यावी. पाण्याच्या ताणाने किंवा अंधाराने खंगलेल्या वेलीवर कीड लवकर बळावते.

आणि सगळे करूनही वेल पूर्ण ग्रासलेली असेल, तर? तिच्यासाठी महिनोन् महिने झगडताना घरातील इतर वीस झाडे धोक्यात येतात. अशा वेळी स्वच्छ दिसणारा, किमान दोन पेरांचा शेंडा कापावा. कापल्या जागेचा चीक वाहू द्यावा. तो डोळ्यांत जाऊ नये याची काळजी घ्यावी आणि नंतर हात धुवावेत. शेंडा साबणाच्या पाण्याने धुऊन पाण्यात किंवा ओलसर कोकोपीटमध्ये रुजत घालावा आणि मूळ वेल कुंडीतील मातीसह पिशवीत बंद करून टाकून द्यावी. या फांदीला साधारण महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. तोपर्यंत तीही वेगळीच ठेवावी आणि दर आठवड्याला तिची पाने उलटून पाहावीत.